राजवाड्यांचे खंड, खऱ्यांचा लेखसंग्रह आणि पेशवे दफ्तर : मागणीनुसार छापलेल्या पाच प्रतींचे परीक्षण

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ मध्ये वाईहून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या जुन्या अस्सल पत्रांच्या मालेचा पहिला खंड काढला आणि पुढील सुमारे दोन दशकांत ही माला २२ खंडांपर्यंत नेली. हे खंड एका गावी, एका छापखान्यात किंवा एका आकारात निघालेले नाहीत. काही मासिकांच्या आश्रयाने क्रमशः छापले गेले, काहींच्या प्रती मुळातच थोड्या होत्या, आणि त्यामुळे आज जुन्या पुस्तकांच्या बाजारात एखादा सुटा खंड सापडला तरी तो भाग्याचा दिवस मानावा लागतो. माझे स्वतःचे काम आजवर ग्रंथालयात बसून टिपणे काढण्यावर चालले. घरी रात्री एखाद्या पत्राची मिती पडताळायची झाली, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहण्याखेरीज उपाय नसे.

गेल्या वर्षी मागणीनुसार छपाई करणाऱ्या एका विक्रेत्याकडून मी पाच पुस्तके मागवली : राजवाड्यांचे पहिला, आठवा आणि पंधरावा असे तीन खंड, वासुदेवशास्त्री खरे यांच्या 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'चा एक भाग, आणि गोविंद सखाराम सरदेसाई यांनी संपादिलेल्या 'सिलेक्शन्स फ्रॉम द पेशवा दफ्तर' या ४५ खंडांच्या मालेतील पानिपतविषयक दुसरा खंड. विक्रेत्याचे नाव येथे देत नाही, कारण त्याच स्कॅनवरून काढलेल्या तशाच प्रती वेगवेगळ्या नावांनी विकल्या जात आहेत आणि खाली सांगितलेले गुणदोष त्या सगळ्यांनाच कमीअधिक लागू आहेत. पाचही पुस्तके मी ग्रंथालयातील मूळ प्रतींशेजारी ठेवून पानोपान तपासली. या कामाला जवळजवळ तीन महिने लागले.

प्रथम जे चांगले आहे ते सांगतो. पुस्तके सांगितलेल्या मुदतीत आली, वेष्टन पक्के होते आणि कोपरे दुमडलेले नव्हते. कागद पांढरा, जाड आणि शाई मागच्या पानावर न उमटणारा आहे. मूळ खंडांचा कागद आता इतका ठिसूळ झाला आहे की पान उलटताना कोपरा हातात येतो. अशा वेळी पेन्सिलने खूण करता येईल, प्रवासात नेता येईल अशी प्रत जवळ असणे ही सोय लहान नाही. राजवाड्यांच्या ग्रंथांवर कायद्याने आता कोणाचा हक्क उरलेला नाही, ते कोणीही छापू शकतो, आणि कोणीतरी ते छापत आहे ही मूलतः आनंदाची गोष्ट आहे. पुण्याबाहेर, एखाद्या तालुक्याच्या गावी राहून आपल्या परगण्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्या शिक्षकाला याआधी हा खंड पाहण्यासाठी रजा काढावी लागत होती.

आता दोषांकडे वळतो, आणि त्यांची सुरुवात पहिल्याच पानापासून होते. मूळ शीर्षकपृष्ठ काढून टाकून त्याजागी नवे, संगणकावर जुळवलेले पान घातले आहे. त्यावर नव्या छपाईचे वर्ष आहे. मूळ प्रकाशनाचे वर्ष, स्थळ आणि छापखाना यांपैकी काहीही नाही. मुखपृष्ठावर कोण्या किल्ल्याचे चित्र आहे, परंतु कण्यावर खंडाचा क्रमांक नाही. पाचही पुस्तके कपाटात उभी केली की कोणती कोणती हे प्रत्येक वेळी उघडून पाहावे लागते. एखाद्या विद्यार्थ्याने या प्रतीवरून संदर्भ दिला, तर राजवाड्यांचा पहिला खंड एकविसाव्या शतकात निघाला असे त्याच्या प्रबंधात नोंदले जाईल. मासिकातून क्रमशः निघालेल्या संग्रहांच्या बाबतीत हा दोष अधिक भोवतो. 'काव्येतिहाससंग्रह' १८७८ पासून पुण्यात निघू लागला आणि दहा वर्षे चालला. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांचा 'इतिहाससंग्रह' १९०८ पासूनचा. या दोन्ही मासिकांत एकाच अंकात अनेक ग्रंथ थोडेथोडे छापले जात आणि प्रत्येकाची पृष्ठसंख्या स्वतंत्र चाले. जुन्या वर्गणीदारांनी वर्षाअखेर अंक सोडवून त्या त्या ग्रंथाची पाने वेगळी बांधून घेतली. काहींनी अंक जसेच्या तसे बांधले. स्कॅन ज्या प्रतीवरून झाले तिची बांधणी कोणती होती हे पुनर्मुद्रणात सांगितले नसेल, तर 'इतिहाससंग्रह, पृष्ठ ४०' हा संदर्भ घेऊन वाचक तीन ठिकाणी पृष्ठ ४० काढून बसतो.

साधनग्रंथ सलग वाचण्यासाठी क्वचितच उघडला जातो. शंभर वर्षांत लिहिल्या गेलेल्या शेकडो पुस्तकांच्या तळटिपा या खंडांकडे बोट दाखवतात. 'राजवाडे, खंड १५, लेखांक (म्हणजे छापलेल्या पत्राचा क्रमांक) अमुक' असे कोणी लिहिले की वाचकाने थेट त्या पत्रापाशी पोहोचले पाहिजे. राजवाड्यांच्या मालेत लेखांक प्रत्येक खंडात नव्याने सुरू होतात, म्हणून खंडाचा क्रमांक हरवला की लेखांक निरुपयोगी होतो. खरेशास्त्र्यांनी मिरजेस पटवर्धनांच्या दफ्तरातून जो संग्रह १८९७ पासून छापावयास घेतला, त्यात उलट लेखांक एका भागातून दुसऱ्या भागात सलग चालत हजारांच्या घरात जातात, आणि तेथे लेखांक हाती असला की भाग शोधून काढता येतो. पुनर्मुद्रण करणाऱ्याला हा फरक ठाऊक असावा लागतो. मला मिळालेल्या खऱ्यांच्या भागात वरचा समास इतका कातरला आहे की अनेक पानांवरील पृष्ठांक अर्धे उरले आहेत. लेखांक मात्र पत्राच्या माथ्यावर असल्याने वाचले. केवळ त्यामुळे ती प्रत वापरता येते.

राजवाड्यांच्या पहिल्या खंडात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे आहेत आणि त्यांच्या आधी जोडलेली प्रस्तावना स्वतंत्र ग्रंथाएवढी मोलाची आहे. ग्रँट डफच्या इतिहासातील उणिवा दाखवून, अस्सल कागद गोळा केल्याखेरीज मराठ्यांचा इतिहास लिहिता येणार नाही, हे त्यांनी तेथे ज्या आवेशाने मांडले त्यातून पुढच्या दोन पिढ्या कामाला लागल्या. माझ्या प्रतीत ही प्रस्तावना पूर्ण आहे, अक्षरही स्वच्छ उठले आहे. मग पत्रांच्या भागात एके ठिकाणी समोरासमोरची दोन पाने गळली आहेत आणि पुढे दुसरीच दोन पाने दुबार आली आहेत. स्कॅन करणाऱ्याच्या हातून दोन पाने एकदम उलटली गेली असणार. एका पत्राचा मायना आणि पहिला परिच्छेद आहे, पुढच्या पानावर भलत्याच पत्राची समाप्तीची 'हे विनंती' आहे. वाचणाऱ्याला ही फट चटकन दिसत नाही, कारण जुन्या पत्रांची भाषा सारखीच वळणे घेत जाते, आणि एका सरदाराचा मजकूर दुसऱ्याच्या तोंडी जाण्याचा धोका अगदी खरा आहे.

अक्षरांच्या छपाईविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण मोल कोठे हरवते हे तेथेच कळते. स्कॅनची फाइल लहान व्हावी म्हणून पानाची छटा काढून ते निव्वळ काळे-पांढरे केले जाते. त्यात कागदाचे पिवळेपण जाते, डाग जातात, आणि त्यांच्याबरोबर बारीक रेघाही जातात. मराठी दफ्तरात या बारीक रेघांना अर्थ आहे. रकमेपुढची एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. '१२५॥।' ही रक्कम सव्वाशे रुपये बारा आणे आहे. शेवटची रेघ पुसली की ती सव्वाशे रुपये आठ आणे होते आणि बेरीज जुळत नाही म्हणून अभ्यासक मूळ कारकुनाला दोष देतो. 'मौ॥' म्हणजे मौजे, 'कि॥' म्हणजे किल्ले, 'रा॥' म्हणजे राजश्री. या दोन दंडांशिवाय उरलेले अक्षर नवख्या वाचकाला काहीच सांगत नाही. संपादकाने फाटक्या जागी घातलेली टिंबे आणि संशयित शब्दाभोवतीचे कंस यांचीही तीच गत. टिंबे नाहीशी झाली की फाटलेले वाक्य अखंड वाटू लागते.

मित्यांचे तर विचारूच नये. पेशवाईतील कागदांवर शुहूर सन अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात ११६१. त्यात ५९९ मिळवले की मृगापासून सुरू होणारे १७६०-६१ हे साल येते, ज्याच्या पोटात पानिपतची पौष शुद्ध अष्टमी, १४ जानेवारी १७६१, येते. 'सितैन' हा शब्द धूसर होऊन 'सबैन' वाचला गेला तर पत्र दहा वर्षे पुढे जाते आणि थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत पडते. माझ्या पंधराव्या खंडात अशा धूसर ओळी पुष्कळ आहेत. मूळ छपाई तेथे फिकट आहे हे खरे, पण ग्रंथालयातील प्रतीत ती डोळ्यांनी वाचता येते, पुनर्मुद्रणात येत नाही. राखाडी छटा कायम ठेवून छापले असते तर हे सगळे टळले असते. त्याला शाई थोडी अधिक लागते आणि पान तितके झकपक दिसत नाही, एवढाच काय तो तोटा.

पेशवे दफ्तराचा दुसरा खंड मात्र उत्तम उतरला आहे, आणि या पाचांत कोणाला एकच घ्यावयाचे असेल तर हाच घ्यावा. १९३० ते १९३४ या काळात मुंबईच्या सरकारी छापखान्यात ही माला छापली गेली. ठसे नवे, कागद बरा, प्रत्येक पत्राच्या आधी इंग्रजी सारांश. त्यामुळे स्कॅनही स्वच्छ निघाले. पृष्ठांक, लेखांक, प्रस्तावना सर्व जागेवर आहे. पत्र मराठीत आणि सारांश इंग्रजीत असल्यामुळे सारांशावर विसंबण्याची सवय लागते. ती मोडून मूळ पत्र वाचावे असे मी नव्या अभ्यासकाला आवर्जून सांगेन, कारण सारांश लिहिताना संपादकाने निवड केलेली असते आणि पत्रातील दुय्यम वाटणारा मजकूर, बाजारभाव, आजारपण, घोड्यांचा चारा, त्यात येत नाही.

बांधणीविषयी. पाचही पुस्तके गोंदाने चिकटवलेली आहेत, जुजबांधणी, म्हणजे दोऱ्याने शिवलेली बांधणी, एकाचीही नाही. पाचशेच्या वर पाने असलेले, सतत उलटले जाणारे पुस्तक गोंदावर फार दिवस टिकत नाही. आठव्या खंडाची पहिली काही पाने दोन महिन्यांतच सुटली. आतला समास अरुंद असल्याने पुस्तक सपाट उघडत नाही आणि कण्याजवळची अक्षरे वाचायला ते दाबावे लागते, म्हणजे ते आणखी लवकर सुटते.

स्कॅन नको, मजकूर नव्याने टंकलिखित करून छापावा, असा एक पक्ष आहे. तशी दोन पुनर्मुद्रणे मी वेगळ्या ठिकाणी पाहिली आहेत आणि माझे मत त्यांना अनुकूल झाले नाही. अक्षर मोठे आणि सुबक असते, परंतु टंकलेखकाच्या बोटांना आजच्या शुद्धलेखनाची सवय असते. १९६२ नंतर आपण जे अनुच्चारित अनुस्वार लिहिण्याचे सोडले ते जुन्या पत्रांतूनही नकळत गाळले जातात, 'करावें' चे 'करावे' होते, 'त्यांणीं' चे 'त्यांनी' होते. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नसे, त्यामुळे देवनागरीत आणताना संपादकाने आधीच एक निर्णय घेतलेला आहे. त्यावर आजच्या माणसाने न सांगता दुसरा निर्णय चढवला की मूळ कागदापासून आपण दोन पावले दूर जातो. शिवाय पृष्ठांक बदलतात आणि शंभर वर्षांच्या तळटिपा पोरक्या होतात. नव्याने जुळवायचेच असेल, तर जुना पृष्ठांक समासात छापावा आणि मुद्रितशोधन मूळ मोडी कागदाशी, ते शक्य नसेल तर पहिल्या आवृत्तीशी, दोनदा करावे. हे काम खर्चाचे आहे. एखादी संस्थाच ते करू शकेल.

दुरुस्त्यांचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. राजवाड्यांनी, खऱ्यांनी, पारसनीसांनी जे छापले त्यातील काही मित्या नंतर चुकीच्या ठरल्या, काही कागद पुढच्या संशोधकांनी बनावट किंवा संशयास्पद ठरवले. खंड जसाच्या तसा पुन्हा बाजारात आणला की ते कागदही नव्या पांढऱ्या पानावर, कोणत्याही इशाऱ्याविना, पुन्हा अस्सल म्हणून वावरू लागतात. मूळ मजकुराला हात न लावता शेवटी आठ-दहा पानांची टिपणी जोडणे अशक्य नाही. एलियट आणि डाउसन यांच्या आठ खंडांचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. १८६७ ते १८७७ या काळात निघालेले हे फारसी तवारिखांचे, म्हणजे इतिहासग्रंथांचे, इंग्रजी उतारे आजही सतत पुनर्मुद्रित होतात, आणि त्यांतील असंख्य चुका दाखवणारे शापूरशाह होडीवाला यांचे भाष्य १९३९ पासून उपलब्ध असूनही बहुतेक पुनर्मुद्रणांत त्याचा उल्लेखसुद्धा नसतो. अलीगढहून १९५२ मध्ये त्यातील दुसऱ्या खंडाची जी आवृत्ती निघाली, तिला मोहम्मद हबीब यांची प्रस्तावना आणि होडीवालांचे भाष्य जोडलेले होते. तसेच काम आपल्याकडे परके नाही. 'काव्येतिहाससंग्रहा'तील पत्रे आणि यादी दुर्मीळ झाल्यावर १९३० मध्ये सरदेसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती नव्याने संपादून काढली. जे नव्वद वर्षांपूर्वी, हाताने ठसे जुळवण्याच्या दिवसांत साधले, ते आज साधू नये याचे मला दुःख होते.

मित्यांचा विषय वर निघालाच आहे म्हणून एवढे सांगतो की, अशी प्रत घेणाऱ्याने शेजारी मोडक जंत्री किंवा खरे जंत्री, म्हणजे मित्या आणि इंग्रजी तारखा यांचा मेळ घालणारी कोष्टके, ठेवावी आणि इंग्रजी तारखा डोळे झाकून स्वीकारू नयेत. इंग्रजांनी १७५२ पर्यंत जुने पंचांग चालवले आणि तोवर त्यांचे वर्ष २५ मार्चला बदलत असे. त्यामुळे 'इंग्लिश रेकॉर्ड्स ऑन शिवाजी' या १९३१ च्या संग्रहातील जानेवारी-फेब्रुवारीच्या पत्रांचे वर्ष पाहताना एका वर्षाचा घोळ सहज होतो. मूळ खंडांच्या प्रस्तावनेत किंवा शुद्धिपत्रात संपादक अशा गोष्टींचा खुलासा करतात, आणि पुनर्मुद्रणात सर्वांत आधी गळणारे पान शुद्धिपत्राचेच असते. माझ्या पाचांपैकी दोन प्रतींत ते नाही. मूळ प्रतींत दोन्ही ठिकाणी आहे.

मागवू इच्छिणाऱ्यांसाठी माझा सल्ला असा. पुस्तक हाती आल्याच्या दिवशीच पृष्ठांक सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोजावेत. परतीची मुदत बहुधा आठवड्याभराचीच असते. घडीचा नकाशा किंवा वंशावळ असलेल्या खंडात ती उघडून स्कॅन केली आहे का ते पाहावे, कारण दुमडलेल्या कागदाची पाठ तेवढी छापलेली मी पाहिली आहे. सूची आणि शुद्धिपत्र आहे का पाहावे. रकमांची एक यादी निवडून तिची बेरीज करावी. बेरीज जुळली तर रेघा शाबूत आहेत असे समजण्यास हरकत नाही. पेशवे दफ्तराचा खंड निःशंक घ्यावा, खऱ्यांचा भाग चालेल, राजवाड्यांचा पहिला खंड प्रस्तावनेसाठी घ्यावा आणि पत्रांसाठी ग्रंथालयात जावे. आठवा आणि पंधरावा या स्वरूपात घेऊ नयेत.

विक्रेत्याला गळलेल्या पानांविषयी मी दोनदा लिहिले. पैसे परत करण्याची तयारी त्याने तत्परतेने दाखवली. पाने मात्र त्याच्यापाशी नव्हती, आणि मूळ प्रत कोणती होती हेही त्याला सांगता आले नाही. शेवटी मी ग्रंथालयातील खंडावरून त्या दोन पानांची आणि शुद्धिपत्रांची छायाप्रत करून घेतली, आणि अप्पा बळवंत चौकाजवळच्या माझ्या नेहमीच्या बाइंडरकडे पहिला व आठवा खंड दिले. समास अरुंद म्हणून शिवण घालता येणार नाही, असे त्याने पाहताक्षणीच सांगितले. कणा उकलून, नवी पाने जागच्या जागी बसवून, कापडाची पट्टी देऊन त्याने ते बांधून दिले. घरी आणल्यावर आतल्या कोऱ्या पानावर मी मूळ प्रकाशनाचे वर्ष आणि गाव पेन्सिलने लिहिले, आणि कण्यावर खंडांचे क्रमांक चिकटवले.